दिगंबररावांनी रॅकेट निवडली

मंडळी, मला एक सांगा. माणूस महिनोन्‌महिने एखादी वस्तू निवडत बसतो, तेव्हा तो खरंच वस्तूच निवडत असतो का? की सुरुवात करायची टाळत असतो? सांगा ना. बरं, अमरावतीच्या दिगंबरराव चिमोट्यांचं ऐका, मग सांगा.

दिगंबरराव भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. शेजारी भास्करराव, लहानपणापासूनचे मित्र. भास्कररावांची पत्नी गेली, तेव्हापासून ते घराबाहेर पडेनात. एक दिवस मात्र आपणहून म्हणाले, "दिगू, क्लबात रॅकेटबॉलचं कोर्ट झालंय. चार भिंतींच्या आत चेंडू मारायचा. रोज सकाळी जाऊ या?"

"जाऊ की. आधी रॅकेट घेतो."

झालं— गेले दुकानात. दुकान नलिनीताईंचं. त्या म्हणाल्या, "नवशिके ना? ही घ्या. हलकी आहे, मूठ हातात बसते."

"हलकी म्हणजे नेमकी किती?"

"हलकी म्हणजे... हलकी."

आयुष्यभर बांध मोजलेला माणूस, त्याला हे कसं पटावं? रॅकेट घेऊन थेट सराफाकडे! काट्यावर तोलली. दुसऱ्या दिवशी दुसरी. सराफ म्हणाला, "काका, घडणावळ लावू का?" मुठीचं माप ठरवायला ज्योतिषाला हात दाखवला. तो म्हणाला, परदेशगमन आहे. मुठीबद्दल चकार शब्द नाही.

हसताय? हसा. भास्करराव रोज कुंपणावरून विचारायचे, "झाली का रे?"

"दोनच उरल्यात."

तीन महिने! नलिनीताईंनी त्यांच्यासाठी खुर्चीच टाकली. गिऱ्हाइकं त्यांनाच मालक समजायची. एका मास्तरीणबाईंना त्यांनी दोन मिनिटांत रॅकेट काढून दिली. "हाताला बरी वाटतेय ना? मुठीची दोरी मनगटात अडकवा आणि खेळायला लागा."

बाई म्हणाल्या, "तुम्ही किती वर्षं खेळताय?"

"मी? मला अजून रॅकेट घ्यायचीय."

शेवटी एकदाची घेतली. कुठली, ते विचारू नका— त्यांनाही सांगता आलं नसतं. धावत शेजारी गेले, तर दाराला कुलूप. घरी आल्यावर बायको कुमुदताई म्हणाल्या, "अहो, भास्करभावजींची लेक आली नि त्यांना कायमचं इंदूरला घेऊन गेली. निरोप घ्यायला आले होते. बराच वेळ बसले. तुम्ही दुकानात होतात."

दुसऱ्या दिवशी दिगंबरराव एकटेच कोर्टात गेले. चेंडू मारला, भिंतीवरून परत आला. पुन्हा मारला, पुन्हा आला. चेंडू येत होता, मंडळी. भास्करराव येत नव्हते.

आता तुमच्याकडे वळतो. जपाची माळ तुळशीची घ्यावी की चंदनाची? चार वर्षं ठरवताय ना? शेजारी कोण बसलंय, पाहा जरा. आज आहे ते माणूस. टाळीला काही विकत आणावं लागत नाही. उचला हात, दोघं मिळून— विठ्ठल, विठ्ठल.