तपासनिसाचे डोळे आणि घाटावरचा कावळा

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. जे चितेवर जळून राखच होणार आहे, ते द्यायचं म्हटलं की माणसाच्या पोटात का दुखतं? विटलेली सतरंजी देता, उसवलेला स्वेटर देता, देवापुढे किडकी सुपारी तर न चुकता ठेवता! पुढची रांग हसत नाहीये. म्हणजे सुपारी तिथलीच दिसते.

तर आमच्या गावात तुळजाराम शेलार होते. शाळा तपासनीस. दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा! निवृत्त झाले, पगार थांबला, चुका शोधणं थांबलं नाही. मग तपासणी कुणाची? बायकोच्या ताटाची. चंपाबाईंनी भात वाढला की मान तिरकी, एक डोळा बारीक. "मीठ कमी. खडा आहे." असला तर दिसायचाच, नसला तरी दिसायचा!

आणि त्या माउलीला आयुष्यात कुणी काही विचारलं नाही. भिंतीला रंग कुठला, मुलीला स्थळ कुठलं, सगळं आधी ठरायचं, मग तिला कळायचं. मृदंगवाले, तुम्ही का मान खाली घातलीत?

एका सकाळी तुळजाराम चहा पिता पिता गेले. शेजाऱ्याने नेत्रपेढीला फोन केला, तिथल्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. म्हणाल्या, "डोळे देता येतील. चेहरा आहे तसाच दिसतो. पण पाच-सहा तासांच्या आत काढावे लागतात."

धाकटे भाऊ अंबादास ताडकन उठले. "अजिबात नाही! दादा वर आंधळा जाईल, पुढच्या जन्मी आंधळा जन्मेल!"

आता अंबादासांना मी विचारतो. बाकीचा अख्खा दादा तुम्ही दुपारी जाळणार, मग पुढच्या जन्मी तो काय राखुंडी होऊन येणार? दात घासायला?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला यांच्या पत्नीची संमती लागेल."

सगळं घर चंपाबाईंकडे वळलं. आणि चंपाबाईंनी काय करावं? मागे वळून बघितलं! मागे कुणी मोठं माणूस उभं असेल, असं वाटलं तिला.

मग ती नवऱ्याजवळ बसली. त्यांच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत राहिली. म्हणाली, "या डोळ्यांनी जन्मभर माझ्या भातातले खडे बघितले. आता दुसरं काही तरी बघू देत. घेऊन जा, बाई." आणि पदर तोंडाला लावून अशी रडली, की सगळं घर रडलं. प्रेम होतं हो. तक्रारीत मुरलेलं, पण होतं.

अंबादास मात्र रडता रडता म्हणाले, "वहिनी, दहाव्याला बघू. कावळा शिवला नाही तर तुमच्या हातचं पाणी पिणार नाही मी."

दहावा उजाडला. घाटावर पिंड ठेवला, शेजारी चंपाबाईंच्या हातच्या आमटी-भाताचं पान. झाडावर कावळे हे एवढे, खाली एक येईना! अंबादासांनी हात जोडले. "दादा, बांधाचं भांडण सोडतो." नाही. "दादा, दारू सोडतो." कावळ्यालासुद्धा पटलं नाही! ऊन चढलं. गुरुजींना पुढचं गिऱ्हाईक होतं, ते दर्भाचा कावळा वळायला लागले.

"बघा! दादाला पिंडच दिसत नाही!" अंबादास ओरडले. सगळा घाट चंपाबाईंकडे बघू लागला. तिच्याही मनात आलं, खरंच का मी यांना आंधळं करून पाठवलं?

तेवढ्यात एक कावळा उतरला. टुणटुण करत पानाशी आला आणि थांबला. मान तिरकी. एक डोळा बारीक. नुसता भाताकडे बघतोय!

चंपाबाईंनी ओळखलं. पदर खोचला, पुढे झाली. "अहो, मीठ बरोबर आहे. तांदूळ मी दोनदा निवडलाय. जेवा आता गुमान."

कावळ्याने पिंडाला चोच मारली!

अंबादासांचा आ तसाच राहिला. चंपाबाई म्हणाली, "भाऊजी, खडे शोधायला यांना डोळे लागतच नव्हते. सवयच होती ती." अंबादास खाली बसले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, जरा पाणी द्या."

आता कुणी शहाणा म्हणेल, कावळा भुकेला होता. असेल की! मी कुठे नाही म्हणतो? पण डोळे आले ते दोन आंधळ्यांच्या कामी, त्याला कावळ्याची सही लागली नाही. चंपाबाईंची लागली.

म्हणून सांगतो. तुम्ही गेल्यावर डॉक्टर तुमच्या बायकोलाच विचारणार आहेत. ती मागे वळून बघेल, अशी वेळ तिच्यावर आणू नका. आज घरी गेलात की सांगा तिला, माझे डोळे देऊन टाक. आणि तिच्या मनात काय आहे, तेही विचारा. जिवंतपणी, एकदा तरी.

म्हणा विठ्ठल. आणि आज रात्री मिठाबद्दल कुणी एक अक्षर बोलायचं नाही.