पाच पोरं पाहणारं स्थळ

"हॅलो?… हां बाबा, बोला… जामलेच आहो. बसची वाट पाहून राह्यलो…"

धनंजय जाम गावाच्या चौकात उभा होता. कोळ्यांवर पीएच.डी. करून झाल्यावर पुढच्या संशोधनाच्या जागेसाठी त्यानं दिसेल त्या विज्ञानशाखेत अर्ज टाकले होते. प्राणिशास्त्र, रसायन, शेवटी खगोलशास्त्रही, कारण कोळ्याला आठ डोळे असतात. मुलाखत एकाच विद्यापीठानं घेतली. निकालाचा फोन यायचा तेव्हा हा चंद्रपूरकडच्या जंगलात, रेंजच्या बाहेर.

आज रेंजमध्ये येताच त्यानं स्वतःच विद्यापीठाला फोन लावला. तिथल्या बाईंनी त्याच्या नव्या नेमणुकीबद्दल शुभेच्छा दिल्या, इथली जागा पुढच्या उमेदवारानं घेतल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून तो विचार करत होता, आपण नेमके कुठं लागलो.

"कोनाचा फोन आलता?… बाईचा?… तुमच्या फोनवर?"

अर्जात दुसरा नंबर म्हणून त्यानं हिंगणी गावचा, वडील महादेवरावांचा, दिला होता.

"काय इचारलं तिनं?… पोरगा सध्या काय करते… हो… लवकर येऊ शकन का… कुठी येऊ शकन, बाबा?… तुमी इचारलंच नाई."

महादेवरावांचं म्हणणं, अनोळखी बाई गोड आवाजात मुलाची चौकशी करते म्हणजे स्थळच. तिशीतल्या पोरासाठी दुसरं कोण कशाला फोन करील?

"तुमी काय सांगतलं मंग?… निर्व्यसनी… ओलिताची शेती… कोळी पकडते, पन घरात नाई सोडत… हे काऊन सांगतलं?… बरं. बाई काय म्हने?… 'व्हेरी गुड'."

हिंगणघाटची काळीपिवळी टॅक्सी समोर थांबली, त्याच्याकडं आशेनं पाहून निघून गेली. त्यानं बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी न पिताच परत लावलं.

"मंग?… पाच जन पाह्यले म्हने… त्याच्यात आपला पसंत… अन् तुमाले राग आला… नाई बाबा, बरोबर आहे. एका टायमाले पाच पोरं कोन पाह्यते?… मंग नाई कसं म्हनलं?"

त्यांच्याकडं स्थळाला तोंडावर नकार देत नाहीत. समोरच्याचं मन दुखू नये म्हणून सांगतात, पोराचं दुसरीकडं जमलं. महादेवरावांनी तेच सांगितलं होतं, वर आवाजही नरम ठेवला होता.

"दुसरीकडं जमलं… हं… अन् तिनं अभिनंदन केलं… हो ना. चांगले लोक दिसते."

कुठं लागलो ते त्याला आता कळलं. बस अजून आली नव्हती.

"काई नाई, आवाज असाच आहे माहा… हो, स्थळ माहीत होतं मले… बरं होतं… पन दूरचं होतं, बाबा. अन् दोनच वर्षांचं होतं… हो, दोन वर्षं झाले का परत पाठवते… सगळ्याइले… तसेच असते थे लोक… हो, बरं केलं तुमी… वांग्याची? चालन… अन् बाबा, ऐका ना… आता असा फोन आला तं माहा नंबर देजा… नाई, नाई, तुमी नका तरास घेऊ. नकार मीच देत जाईन… हॅलो?… हॅलो?"