बाणाच्या पात्याची धार

"संपत, कुणाला पटणार नाही, पण मी पुन्हापुन्हा धार लावलेल्या एकाच पात्यावर आमच्या साहेबानं अमेरिकेत सात हरणं मारली!"

कतारमधल्या दोहा शहरात संपत न्हाव्याकडं शुक्रवारच्या सुट्टीची रांग होती, आणि रांगेतले धोंडीरामकाका रंगात आले होते. ड्रायव्हर जालिंदरनं कान टवकारले. त्याच्याही साहेबानं शिकारीच्या बाणांची बोथट पाती धार लावून आणायला दिली होती. साहेब उद्या शिकारीच्या सुट्टीवर निघणार होता, आणि धार लावणारा काही मिळत नव्हता.

"धोंडीरामकाका, धार म्हणजे अशी केवढी?"

"अरे, बाण आरपार गेला तरी हरणाला पत्ता नाही. चरतंय आपलं."

"मग मेलं कसं?"

"साहेबानं जवळ जाऊन सांगितलं तेव्हा!"

"आणि पातं?"

"परत माझ्याकडं. दगडावर तेल टाकून घासलं की खलास, पुढच्या हरणाला तयार!"

जालिंदर खिशातली पात्यांची पुडी काढत पुढं सरकला. "काका, धार बसली हे ओळखता कसं?"

"मनगटावर फिरवायचं. केस साफ उडाले पाहिजेत. आज सकाळीच पाच पात्यांना धार लावून अशीच तपासली."

जालिंदरनं हसत त्यांची एक बाही वर सारली, मग दुसरी, आणि पुडी परत खिशात टाकली.

"कसली धार लावलीत, काका? या हातांवर तर हरीण लपेल एवढं रान आहे!"