फिकी छपाई

झेरॉक्सच्या दुकानात शिक्षिकेच्या पुढे एक वयस्कर जोडपं उभं होतं.

"टोनरच्या खोक्यावर दोन हजार पानं लिहिलंय की."

"काका, ती पत्रासारखी पानं. चार ओळी, बाकी कोरं. तुमचं पान म्हणजे मुलाचा एवढा मोठा फोटो, त्यात केस काळेभोर. दोनशे पानांतच टोनर गार होतो. मग भाव कमी कसा लावू?" दुकानदार म्हणाला.

"फोटोतली मागची भिंत काढून टाक."

"गेल्या वर्षीच काढली."

"शर्ट?"

"तोही काढला. आता नुसता चेहरा उरलाय."

"मग फोटो लहान कर."

"अहो, लहान केला तर ओळखणार कोण त्याला? 'हरवला आहे' एवढंच दिसेल," म्हातारी नवऱ्याला म्हणाली.

"काकू, फिकी छपाई करू का? टोनर निम्मा लागेल, भावही निम्मा घेईन. हा नमुना बघा. फक्त केस करडे दिसतात."

म्हातारीने कागद डोळ्यांजवळ धरला. शिक्षिकेने उगाचच आपली प्रश्नपत्रिका सारखी केली.

"असेच छाप, बाळा."

"अगं, पण तो असा कुठे दिसायचा?"

"तेव्हा नव्हता दिसत. आता पिकले असतील."