मे महिन्याची गच्ची

कॉम्प्युटरवर घरांची चित्रं काढणाऱ्या त्या डिझायनरचं काय झालं, सांगितलं का तुम्हाला? लातूरला आमच्या अक्काच्या नव्या घराचं काम त्याला पाहिजे होतं. भर मे महिन्यात आला आणि चित्रातली गच्ची दाखवत म्हणाला, "मे महिन्यातली दुपार, अक्का! चार दिवस कॉम्प्युटर चालला नुसतं ऊन काढायला. अगदी खरं ऊन!"

चित्रातल्या गच्चीवर एक बाई अनवाणी, चहा पीत हसत उभी.

अक्का म्हणाली, "खरं हाय का? मग चल आमच्या गच्चीवर. चपला हितंच काढ."

गडी तिसऱ्याच पावलाला नाचायला लागला. "कळलं, अक्का, कळलं! दुरुस्त करतो!"

आठवड्यानं नवं चित्र आणलं. ऊन तेच, हसू तेच. बाईच्या पायात तेवढ्या चपला आल्या होत्या.

अक्का म्हणाली, "बाबा, तू चपलांचं दुकान टाक. घराचं आम्ही बघतो."