घारीची पाठ

दरीच्या कड्याला लटकवलेली ती पायवाट एका माणसापुरतीच रुंद होती. पुढचं म्हातारं जोडपं थांबलं, तशी त्यांच्या मागून येणारी एक शिंपीणबाईही थांबली. आजींच्या हातात पांढरी काठी होती. आजोबांनी खडकाकडे तोंड करून आधाराला ठोकलेली साखळी दोन्ही हातांनी गच्च धरली होती.

“अहो, सांगा ना, खाली काय दिसतंय?”

“नदी. हिरवीगार.”

“आणि?”

“आणि एक घार. आपल्या खालून उडतेय, तिची पाठ दिसतेय बघ.”

“अगंबाई! घारीची पाठ तर मी डोळे होते तेव्हासुद्धा पाहिली नाही. पण काय हो, नदी तिकडे, मग तुमचा आवाज खडकावर आपटून का येतोय?”

आजोबांनी कपाळ खडकाला टेकवलं.

“डोळे मिटलेत ना?”

“अगं, स्टुलावर चढलो तरी गरगरतं मला.”

“मग आलात कशाला?”

“तुला यायचं होतं ना.”

“वेडे कुठले! द्या तो हात इकडे. डोळे राहू द्या मिटलेलेच. आता मी सांगते. खाली नदी आहे, हिरवीगार. आणि ती बघा, तुमची घार.”

“कुठंय?”

“वळतेय. थांबा, येईल परत.”

मागून कुणीतरी ओरडलं, “अहो बाई, चला की पुढं!”

“जरा दम धरा,” शिंपीणबाई म्हणाली. “पुढची माणसं दरी बघतायत.”