थॅड्रिमोरची अक्कल गेली

...आणि वर मलाच म्हणते, "बाबा, गप्प!" मला! तुम्हाला सांगतो, मी मुळात कमी बोलणारा माणूस! तुम्ही खा हो, शुक्रवारचे मासे गरमच खावेत. तर माझा जादूगार, थॅड्रिमोर. तीस वर्षं सांभाळलेला! माझी मुलगी मेरेन जन्मायच्या आधीपासून आमच्या तळघरात दर रविवारी दुपारची जेवणं झाली की हा खेळ चालतो; एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, आणि पुढं काय होणार ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. माझा थॅड्रिमोर सात भाषा बोलायचा, ड्रॅगनला नुसता बोलून बोलून झोपवायचा... आणि हल्ली गोष्ट सांगते कोण? मेरेन. पोटची पोर! तिनं काय करावं? दलदलीतली एक चेटकीण आणली, मंत्र टाकला, आणि गोड आवाजात म्हणते कशी, "बाबा, थॅड्रिमोरची अक्कल गेली. आता त्याला कुत्र्याएवढं कळतं. बोलता येत नाही, जादू येत नाही. आपली माणसं तेवढी ओळखतो आणि त्यांच्या मागं मागं जातो."

मी म्हटलं, अगं पण... तर माझा मित्र एल्रॉय, तोंडात अख्खं सॉसेज, ओरडतो, "नियम! नियम!" नियम काय, तर ज्याच्या पात्राचं तोंड बंद, त्याचंही टेबलावर तोंड बंद. आणि हा नियम केला कोणी? मीच हो! वीस वर्षांपूर्वी एल्रॉयचा सरदार मेला, तरी हा थडग्यातून सल्ले देत होता म्हणून! करावे तसे भरावे, दुसरं काय.

सुटका? गोष्टीतला महिना उलटला की एकदा फासा टाकायचा, सोळा किंवा वर पडले तर अक्कल परत. गोष्टीतला महिना म्हणजे आमचे तीन रविवार! तीन रविवार मी गप्प... बायको खाली येऊन कपाळाला हात लावून गेली, ताप आहे का म्हणून! आणि जाता जाता म्हणते, "मेरेन, हा मंत्र मला लिहून दे गं." बघा! आणि मी मुळात कमी बोलणारा माणूस!

तर तिसरा रविवार. गोष्टीत आम्ही नदीकाठी शेकोटीपाशी, आणि मेरेन झालेली नावाडीण, घोगरा आवाज काढून. ती नावाडीण थॅड्रिमोरशेजारी बसते, त्याचं डोकं खाजवते आणि म्हणते, "तुला बरं सांगता येतं रे, म्हातारोबा. मला लांब काम मिळालंय, उत्तरेला, माशांची पिल्लं वाढवायचं. बापाला सांगायचंय. पण मी 'बाबा' म्हटलं, की तो थंडीत गाडी कशी चालू करावी तेच सांगत सुटतो. दोन महिने झाले, माझं वाक्य पुरं होत नाही." आणि बोलता बोलता तो घोगरा आवाज गेला हो... मेरेनचाच राहिला. "मला भीती वाटते," म्हणाली. "जायची पण, आणि मागं त्याचं ऐकून घेणारं कोणी उरणार नाही, त्याची पण." एल्रॉय चावायचा थांबला.

तुम्हाला सांगतो, माझ्या घशात चाळीस प्रश्न! उत्तरेला म्हणजे अलास्का? इथं आपल्या शेबॉयगनला काय बर्फ कमी पडतो? मोजे किती नेणार? टोपीची कड दातांत धरली मी! आणि मग काय करणार... आपली माणसं ओळखायची, एवढंच तर येतं थॅड्रिमोरला. तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. ती रडली. मीही रडलो. कुत्र्यानं रडू नये, असा कुठं नियम आहे?

मग तीच नाक पुसत म्हणाली, "महिना संपला. टाक फासा." टाकला. सतरा! सुटलो! तोंड उघडलं... आणि तिच्याकडं बघितलं. अजून कितीतरी सांगायचं होतं हो पोरीला, तोंडावर दिसत होतं. मी हळूच बोटानं फासा पालथा केला. चार. तिनं सतरा बघितले, चार बघितले, माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "अरेरे, चारच? मग अजून एक महिना, म्हातारोबा." आणि बोलत बसली, बायकोनं वरून रात्रीच्या जेवणाला तीनदा हाका मारेपर्यंत.

येत्या गुरुवारी चालली ती. म्हणते, रविवारचा खेळ फोनवर चालू ठेवू, थॅड्रिमोरला मात्र गप्पच राहू दे. राहीन की! मी मुळात कमी बोलणारा माणूस... पण तिकडं फोनवर नुसता आवाजच पोचतो म्हणे. आता तुम्हीच सांगा, मी शेपूट हलवतोय हे तिला कळणार कसं?